मुंबईचं बंदर ‘नैसर्गिक’ आहे, मग गाळ कशाला उपसतात?

प्रश्न तीन आहेत, पण एकात एक अडकलेले. मुंबई हे मोठं नैसर्गिक बंदर असं शाळेपासून वाचत आलो, मग तिथे गाळ उपसणारी जहाजं सतत का लागतात? नैसर्गिक बंदर हाताशी असताना कंटेनरचा धंदा न्हावा-शेव्याला का गेला? आणि इंग्रज येईपर्यंत या जागेची किंमत इथल्या लोकांना कळलीच नव्हती का?

मी बंदराच्या मोजणीच्या कामात एकतीस वर्षं काढली. मोजणी म्हणजे जमिनीची नव्हे, पाण्याखालच्या तळाची. लाँच घेऊन आखलेल्या रेषेवरून सरळ जायचं, खोली नोंदवायची, वळायचं, शेजारच्या रेषेवरून परत यायचं. शेतात नांगर चालवल्यासारखं. फरक एवढाच की हे शेत तुम्ही मोजून घरी जाईपर्यंत बदललेलं असतं. त्यामुळे माझं उत्तर तळापासून सुरू होतं, किनाऱ्यापासून नाही.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठीत आपण ‘बंदर’ हा एकच शब्द हार्बरलाही वापरतो आणि पोर्टलाही. हार्बर म्हणजे आडोशाचं पाणी. पोर्ट म्हणजे धक्के, गोद्या, क्रेन, गोदामं आणि कस्टमचा शिक्का. निसर्गाने मुंबईला दिलं ते हार्बर, म्हणजे आडोसा. खोली बेताचीच दिली. आणि देताना सोबत चिखल दिला, भरपूर. हे एकदा ध्यानात आलं की तिन्ही प्रश्नांची गाठ सुटायला लागते.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला मुंबई बेटाची लांबट भिंत, तिच्या उत्तरेला साष्टी. पूर्वेला उरण, न्हावा, पनवेलकडचा किनारा. उत्तरेला हे पाणी निमुळतं होत ठाण्याच्या खाडीत शिरतं. तोंड उघडं ते नैर्ऋत्येला, कुलाब्याचं टोक आणि थळचा किनारा यांच्या मधून. आतलं क्षेत्र सुमारे ४०० चौरस किलोमीटर. मधे घारापुरी, तिच्या अलीकडे तेलाची जहाजं लागतात ते जवाहर द्वीप, ज्याला जुने लोक अजून बुचर आयलंडच म्हणतात, आणि लहानसहान खडक-बेटं. पूर्वेकडून पनवेलची खाडी येऊन मिळते. दक्षिणेला करंजा-धरमतरची खाडी, तिच्यातून पाताळगंगा आणि अंबा या नद्यांचं पाणी.

ही सगळी जागा मुळात समुद्राची नाहीच. ती दरी होती. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, जगभरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा किनारा पश्चिमेला खूप दूर, आणि आज जिथे जहाजं नांगर टाकून उभी असतात तिथे काळ्या कातळातून ओढे-नद्या वाहत असणार. बर्फ वितळलं, समुद्र वर आला, दरी बुडाली, टेकड्यांचे माथे बेटं होऊन उरले. घारापुरीला लाँचने जाताना आपण एका डोंगराच्या खांद्यावर उतरतो, पायथा चिखलाखाली आहे.

यातला माझा आवडता पुरावा गोदीच्या खड्ड्यातून निघाला. १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालू असताना भरतीच्या रेषेच्या कितीतरी खाली, निळसर चिकणमातीत झाडं सापडली. एखाद-दुसरं नव्हे, साडेतीनशेच्या वर. बरीचशी मुळांसकट उभी, जिथे वाढली तिथेच. लाकूड खैराचं. खैर खाऱ्या पाण्यात उगवत नाही, तो कोरड्या जमिनीवरचा. म्हणजे माझगावच्या बाजूला, आज ज्याला आपण बंदराचा तळ म्हणतो तिथे, कधीकाळी खैराचं रान होतं. पुढे अलेक्झांड्रा डॉक खणतानाही असंच बुडालेलं जंगल लागलं. नोकरीत नवीन असताना एका वरिष्ठांनी मला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं थट्टा करताहेत.

आता गाळ. बुडालेल्या दरीचा एक स्वभाव असतो: ती भरून यायला बघते. नद्या वरून माती आणतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि म्हणून लोक सगळं खापर नद्यांवर फोडतात. पण इथला मोठा उद्योग भरती-ओहोटीचा आहे. मुंबईत दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, सरासरी भरती ४.४ मीटरवर जाते आणि ओहोटी पाऊण मीटरपर्यंत उतरते. साडेतीन मीटरहून जास्त उंचीचा पाण्याचा थर, शेकडो चौरस किलोमीटरवर, सहा तासांत आत आणि सहा तासांत बाहेर. भांगाला, अष्टमीच्या आगेमागे, हाच फरक दीड मीटरच्या घरात येतो. हे पाणी पळताना तळाचा बारीक चिखल उचलतं आणि भरती-ओहोटीच्या सांध्यावर, जेव्हा पाणी काही वेळ स्वस्थ उभं राहतं, तेव्हा खाली टाकतं. तुम्ही तळात एक खोल चर खणलात की पाणी तिथे मंदावतं आणि चिखल नेमका त्याच चरात उतरतो. जहाजांसाठी केलेली वाट म्हणजे चिखलाच्या दृष्टीने अंगणातला खड्डाच. म्हणून उपसा संपत नाही. पावसाळ्यात लाटा तळ ढवळतात तेव्हा तर चार महिन्यांत खोली डोळ्यांदेखत कमी होते.

आणखी एक गोष्ट, जी मुंबईकर सहसा लक्षात घेत नाहीत. भरतीला खाडीत जेवढं पाणी शिरतं तेवढंच ओहोटीला जोराने बाहेर येतं आणि वाट धुऊन काढतं. खाडीच्या कडेची मिठागरं, कांदळवन, दलदल भरून टाकली की आत शिरणाऱ्या पाण्याला जागा कमी, म्हणून परतीच्या प्रवाहाला जोर कमी, म्हणून गाळ जास्त. भराव ठाण्याच्या बाजूला पडतो आणि त्याचं बिल पाच-सहा कोसांवरच्या गोदीला येतं. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात मुंबई बंदराची छोटी प्रतिकृती बांधून तिच्यात कृत्रिम भरती-ओहोटी खेळवतात, ती याच हिशेबासाठी.

तळ कुठे सुरू होतो हे सांगणंही इथे सोपं नाही. आम्ही दोन वारंवारतांचं प्रतिध्वनी यंत्र वापरायचो. उंच पट्टीच्या आवाजाची लाट चिखलाच्या वरच्या पातळ थरावरून परत येते, खर्जातली लाट तो थर भेदून खालच्या घट्ट मातीवरून. कागदावर दोन रेषा उमटतात, एक वर, एक खाली, कधी मधे हातभर अंतर, कधी पुरुषभर. पावसाळ्यानंतरच्या एका मोजणीत एका नव्या मुलाने विचारलं, “सर, यातला खरा तळ कोणता?” मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात आमचे करंज्याचे तांडेल सुकाणूवरूनच म्हणाले, “यंत्राला चिखल दिसतो, बोटीला नाय दिसत.” त्यांचं बरोबर होतं. वरचा थर दह्याच्या निवळीपेक्षा जरासा दाट असतो, जहाजाचा कणा त्यातून जातो. तरी नकाशावर आम्ही वरचीच रेषा धरायचो. जहाज अडकलं तर जाब तांडेलांना नाही, मोजणीवाल्यांना विचारतात.

याच तांडेलांकडून मी भरतीचं गणितही शिकलो, तक्ता न बघता करायचं. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दुपारी तशीच उत्तररात्री. तास-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण कोकणच्या किनाऱ्यावर यावर पिढ्यान्‌पिढ्या होड्या सुटल्या आहेत. छापील तक्ते मिनिटाचा हिशेब देतात आणि त्यांच्यामागेही मोठी परंपरा आहे: अपोलो बंदरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी.

आता तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यातलं गृहीतकच चुकीचं आहे.

या परिसराची किंमत लोकांना फार आधीपासून कळली होती, फक्त त्यांना हवी असलेली जागा वेगळी होती. शूर्पारक म्हणजे सोपारा, कल्याण, ठाणे, चौल ही सगळी बंदरं मुंबईच्या पाण्याला वेढून बसली आहेत आणि सगळी खाडीच्या आत किंवा नदीच्या मुखाशी आहेत. सोपाऱ्याला अशोकाचा शिलालेख मिळाला. कल्याणचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात आहे. त्या काळच्या गलबताला पाणी हवं दोन-तीन वाव, म्हणजे चार-पाच मीटर, त्याला दहा मीटर खोलीचं काय करायचं? त्याला हवी होती बैलांच्या तांड्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकी जवळची जागा. कल्याणहून माल निघाला की नाणेघाट चढून जुन्नर आणि पुढे देश. खाडी जितकी आत, तितका बैलांचा खर्च कमी. भर बंदरातलं बेट त्या हिशेबात गैरसोयीचंच. तरी घारापुरीला राजबंदर आणि मोराबंदर ही नावं आहेत, लेणी सहाव्या शतकाच्या आसपासची आहेत, आणि एवढी खोदाई ओसाड बेटावर कुणी करत नाही.

किंमत कळली नव्हती म्हणणाऱ्यांनी १६७९ साल बघावं. शिवाजी महाराजांनी १६५७च्या सुमाराला कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराला हात घातला होता. त्यांना सगळ्यात जास्त त्रास जंजिऱ्याच्या सिद्दीचा. सिद्दीचं आरमार पावसाळा आला की कुठे जायचं? मुंबईच्या आडोशाला, माझगावला. इंग्रज त्याला नाही म्हणू शकत नव्हते. महाराजांनी त्यावर उपाय काढला तो बंदराच्या आत नव्हे, तोंडाशी: थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईत येणारं प्रत्येक जहाज तिथून दिसतं. इंग्रज हादरले, त्यांनी जहाजं पाठवून वेढा घातला. कामावर होते मायनाक भंडारी, आरमारावर दौलतखान.

या लढाईत मला मोजणीवाला म्हणून जे दिसतं ते असं. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जड, बूड खोल, आणि चालणार वाऱ्यावर. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ, वल्ह्यांच्या. रात्री किनाऱ्याकडून निघायच्या, दगड-चुना-दाणागोटा घेऊन, खडक आणि उथळ पाण्याच्या मधून. मोठं जहाज त्यांच्या मागे गेलं तर रुतणार, वारा पडला तर जागच्या जागी झुलणार. १८ ऑक्टोबरला मोठी चकमक झाली, इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज मराठ्यांनी धरलं. वेढा महिनोन्‌महिने चालला आणि तट मात्र चढत राहिला. सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावलं, ती वेगळी डोकेदुखी. पण खांदेरी मराठ्यांकडे राहिलं. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले आले त्यात खांदेरी आहे, हे वाचून बरं वाटलं. तिथला दीपस्तंभ १८६७चा, तो आमच्या रोजच्या उपयोगाचा.

इंग्रजांकडे ही बेटं कशी आली ते सर्वश्रुत आहे. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे, १६६१च्या लग्नाच्या करारात इंग्लंडच्या राजाकडे, १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीकडे. खरी गोष्ट पुढे आहे. सुरतेला तापीचं मुख गाळाने भरलेलं, मोठी जहाजं बाहेर सुवाळीला उभी करावी लागत. मुंबईला जहाज थेट गावासमोर, आडोशात. १६८७ साली कंपनीने मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं. आणि १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी सुतार आला.

वाडियांबद्दल लिहिणारे सागवानाचं कौतुक करतात, ते योग्यच, पण त्या उद्योगाचा निम्मा भागीदार भरती होती. सुक्या गोदीचं तंत्र असं: कातळात हौद खणायचा, समुद्राकडे दार. उधाणाच्या भरतीला दार उघडून जहाज आत घ्यायचं. ओहोटीबरोबर पाणी आपोआप बाहेर. दार लावलं की जहाज कोरडं उभं, बूड खरवडा, तांबं ठोका, काय हवं ते करा. जिथे भरती-ओहोटीत हातभरच फरक पडतो तिथे हेच काम पंपाने किंवा शेकडो माणसांनी उपसून करावं लागतं. मुंबईत चंद्र करून द्यायचा. बॉम्बे डॉक १७५०च्या दशकात तयार झाला. इथे बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ साली चीन-ब्रिटन यांच्यातला नानकिंगचा तह झाला, आणि १८१७ची ‘ट्रिंकोमाली’ अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे.

माल चढवण्या-उतरवण्याची मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बोंबच होती. जहाज भर पाण्यात नांगरावर, माल पडावांतून बंदरावर, तोही भरती असेल तरच. नाहीतर गुडघाभर चिखल. भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला भाऊचा धक्का या गैरसोयीवरचा देशी उपाय होता. मग १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, १८६९ला सुएझ उघडला आणि वाफेची जहाजं दाराशी रांग लावायला लागली. वाफेच्या जहाजाला ताटकळणं परवडत नाही, कोळसा जळतो. १८७३ साली बंदराचा ट्रस्ट झाला, १८७५ला ससून डॉक, १८८०ला प्रिन्सेस डॉक, त्याच दशकात व्हिक्टोरिया, आणि १९१४ला अलेक्झांड्रा, आताचा इंदिरा डॉक. अलेक्झांड्राच्या खड्ड्यातून निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी आहे. तिथल्या कचेऱ्यांतून रुबाबात फिरणारी मंडळी बंदराच्या तळावरच चालत असतात.

या गोद्यांना दारं का, हे समजून घ्या. धक्क्याला लागलेलं जहाज भरतीला वर असणार आणि सहा तासांनी चार मीटर खाली, कदाचित चिखलात टेकलेलं. म्हणून गोदीभोवती भिंत, तोंडाला झडप. भरतीला दार उघडून जहाजं आत-बाहेर, मग दार बंद. बाहेर समुद्र उतरला तरी आत पाणी तसंच. इंदिरा डॉकच्या प्रवेशाची लांबी ७५० फूट, रुंदी १०० फूट. हा शंभर फुटांचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागेल.

आडोसा किती घातक होऊ शकतो तेही याच गोद्यांनी दाखवलं. १४ एप्रिल १९४४. स्फोटकं घेऊन आलेली जहाजं एरवी भर पाण्यात उभी करून रिकामी करत. युद्धाच्या घाईत ‘फोर्ट स्टिकिन’ थेट व्हिक्टोरिया डॉकमध्ये घेतलं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, त्यांच्या संगतीला कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. गोदीचा गाळ काढताना पुढची कित्येक वर्षं अधूनमधून सोन्याची वीट वर यायची. आमच्या खात्यात नवीन माणसाला ‘नीट बघ, सोनं असेल’ म्हणून चिडवायची रीत होती.

आणि आडोसा कुठे संपतो तेही सांगायला हवं, कारण ‘बंदराच्या आत’ म्हणजे सुरक्षित असं लोक समजतात. तोंड नैर्ऋत्येला उघडं आहे आणि पावसाळी वारा त्याच दिशेचा. गेटवेसमोर पाणी हलतंय एवढंच वाटतं तेव्हा काशाच्या खडकाजवळ लाट उभी राहिलेली असते. १७ जुलै १९४७ला गटारीला घराकडे निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना त्याच भागात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं. रायगडच्या किनाऱ्यावर अशी गावं आहेत की तिथे अजून या विषयावर आवाज खाली येतो. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद का, असं वैतागून विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो.

आता न्हावा-शेवा. ‘बंदर पलीकडे गेलं’ असं आपण म्हणतो, पण पाणी तेच आहे. शेव्याला जाणारं जहाज मुंबईच्याच मुख्य वाटेने आत येतं आणि पुढे फाट्याला वळल्यासारखं पूर्वेला वळतं. धंदा हार्बर सोडून गेला नाही, अंगणाच्या दुसऱ्या कडेला गेला. का गेला? एक कारण तो शंभर फुटांचा आकडा. शंभर फूट म्हणजे ३०.४८ मीटर. पनामा कालव्यातून जाणाऱ्या जुन्या मापाच्या मोठ्या जहाजांची रुंदी ३२ मीटरच्या वर. म्हणजे १९१४ला जे दार ऐसपैस होतं, त्यातून ही जहाजं शिरूच शकत नाहीत. दाराबाहेर, बॅलार्ड पियरला लागतात, पण तिथे मागे जागा कुठे? कंटेनरला धक्क्यापेक्षा धक्क्यामागचं मैदान मोठं लागतं आणि इथे मागे अख्खं शहर. रेल्वेला वाट अपुरी, ट्रकला दिवसा निर्बंध. उरणच्या बाजूला सपाट खाजणं आणि मिठागरं होती. २६ मे १९८९ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं.

मोकळी जागा म्हणताना तिथे माणसं नव्हती असा समज नको. शेव्याचं जुनं गाव उठवून वसवलं, आगरी-कोळ्यांची मिठागरं आणि मासेमारीची खाजणं गेली. नवी मुंबई आणि बंदर या दोन्हींच्या जमिनीखाली ती आहेत. १९८४ला जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्यानंतर मोबदल्याचा हिशेब बदलला.

खोली मात्र तिथेही आयती मिळाली नाही. मुंबईची मुख्य वाट बऱ्याच अंशी निसर्गाचीच, खोल करण्याआधी अकरा मीटरच्या आसपास राखलेली. भांगाची साधी भरती धरली तरी वर ३.३ मीटर मिळतात. चौदा मीटरच्या पाण्यात बुडाखाली मोकळी जागा सोडून साडेबारा मीटर बुडाचं जहाज भरती साधून आत आणता येतं. जहाज आत आणणारे पायलट लोक घड्याळ बघत असतात ते यामुळे. कंटेनरची जहाजं ताटकळायला तयार नसतात, त्यांना कुठल्याही वेळी पाणी हवं. म्हणून शेव्याला जाणारी वाट दोन टप्प्यांत खोल केली, आता ती पंधरा मीटरच्या घरात आहे, काही ठिकाणी नुसता चिखल नव्हे तर कातळ फोडून. आणि तळाचा नियम तोच: चर जितका खोल, तितका चिखल खूश.

याच्या उलटं उदाहरण हवं तर पालघरकडे बघा. वाढवणला २०२४ साली नव्या बंदराची पायाभरणी झाली. तिथे किनाऱ्यापासून दूर गेलं की वीस मीटरच्या आसपास खोली निसर्गतः आहे, ज्याचा मुंबईला नेहमी हेवा. पण आडोसा शून्य, समोर उघडा समुद्र. म्हणून तिथे दहा किलोमीटरच्या घरात लाटारोधक भिंत बांधावी लागणार आहे. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत, तो वेगळा विषय. माझा मुद्दा इतकाच की निसर्गाकडून दोनातली एकच गोष्ट मिळते, दुसरी पैसे देऊन घ्यावी लागते. मुंबई शेकडो वर्षं भिंतीचे पैसे वाचवते आहे आणि ते उपशात घालते आहे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर पावसाळा टाळून पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला शिवडीच्या जेट्टीवर जा. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती दुपारी सव्वादोनच्या सुमाराला आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठच्या आगेमागे. साडेसातलाच पोहोचा. हिवाळा-उन्हाळ्यात समोरच्या चिखलात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतील, ते बघून झाले की अटल सेतूच्या खांबांकडे बघा. प्रत्येक खांबाला खालच्या बाजूला कालवांचा आणि शेवाळाचा काळपट पट्टा आहे. पट्टा जिथे वर संपतो तिथपर्यंत दुपारी पाणी येणार आहे. आत्ता पाणी आहे तिथून त्या रेषेपर्यंतचं अंतर नजरेने मोजा. साधारण दोन पुरुष उंची भरेल.